मोह येतो तेव्हा काय करायचं? नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी

रविवारी उपासना संपते, हस्तांदोलनं होतात, चहाचे कप हातात येतात. तेवढ्यात नाशकातल्या शरणपूरच्या आमच्या चर्चच्या आवारात कुणीतरी तरुण मला हळूच चिंचेखाली बोलावतो. "काका, मी बायबल वाचतो, प्रार्थना करतो, तरी परत तेच होतं. माझा विश्वास खोटा आहे का?" नव्याने येणाऱ्यांबरोबर बसण्याचं काम मंडळीने माझ्याकडे देऊन बारा वर्षं झाली. विचारणारा कधी अंबडला सीएनसी मशीनवर असतो, कधी कॉलेज रोडला शिकायला आलेला, कधी देवळाली कॅम्पातून सकाळची पहिली बस धरून आलेला. प्रत्येकाचा मोह निराळा असतो, प्रश्न मात्र हाच. त्यांना समोर बसवून जे सांगतो, तेच इथे त्याच क्रमाने लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण मधूनच सुरुवात करतात आणि दमतात.

सगळ्यात आधी एक गाठ सोडवून घ्या. मोह झाला म्हणजे पाप झालं, असं नाही. प्रभू येशूलाही मोह झाला. आपल्यासारखी सगळ्या प्रकारे त्याची पारख झाली, तरी तो निष्पाप राहिला, असं इब्री ४:१५ मध्ये आहे. मूळ ग्रीकमध्ये 'परीक्षा' आणि 'मोह' यांना एकच शब्द आहे. म्हणून प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'परीक्षेत आणू नको' म्हणतो, तेव्हा मोहाविषयीच बोलत असतो. याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात (१:१३-१५) सगळी वाटचाल मांडली आहे: देव कुणाला मोहात पाडत नाही, माणसाची स्वतःची वासना त्याला ओढते, ती गरोदर राहते, पापाला जन्म देते, आणि पाप वाढलं की मरण आणतं. म्हणजे ओढ लागणं आणि पाप घडणं यांच्यामध्ये थोडं अंतर असतं. कधी दोन मिनिटांचं, कधी दोन वर्षांचं. पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्या अंतरात करायचं आहे. वाईट विचार मनात आला म्हणून रात्रभर स्वतःला कोसत बसणारी मुलं मी पाहिली आहेत. ती सकाळपर्यंत इतकी खचतात की दुपारी खरंच पडतात.

आता दुसरी गोष्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही कळली नाही तर बाकीच्या पायऱ्यांचं ओझं होतं.

आपल्यातले बरेच जण ज्या घरांतून आले, तिथे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सहा शत्रू लहानपणापासून ऐकलेले असतात. ती ओळख वाया जात नाही, शत्रू तेच आहेत. पण नव्या माणसाच्या मनात हिशेब असा असतो: आधी या सहांना जिंकायचं, मग देव मला जवळ करेल. शुभवर्तमानात क्रम उलटा आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला (रोम ५:८). तुम्हाला जवळ आधी केलं आहे, शिकवणं त्यानंतर चाललं आहे.

हे समजावताना मी पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवतो. शरणपूर ही वस्ती १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी वसवली. त्या काळी इंग्रजांचं आरमार समुद्रात गुलामांची जहाजं पकडत असे. त्यांवरची आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतली कित्येक इथे नाशकात आणली गेली. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत लिव्हिंगस्टनचा दफनविधी झाला तेव्हा शवपेटी नेणाऱ्यांत उभा होता.

त्या मुलांचा विचार करा. बेड्या समुद्रातच तुटल्या होत्या. इथे पोचेपर्यंत ती मोकळी झाली होती. पण मोकळ्या माणसासारखं जगायचं कसं, हे शिकायला वर्षं लागली असणार. रंधा वाकडा चालला म्हणून कुणी त्यांना परत जहाजावर चढवत नव्हतं. जो पाप करतो तो पापाचा दास आहे आणि पुत्राने मोकळं केलं तर तुम्ही खरोखर मोकळे व्हाल, असं प्रभू योहान ८:३४-३६ मध्ये म्हणतो. ते वाचताना मला दरवेळी ती मुलं दिसतात. तुम्हीही मोकळे होऊन आला आहात. रंधा अजून वाकडा चालतोय, एवढंच.

हे मनात बसलं की वही काढा.

खरोखरची वही, दहा-वीस रुपयांची. एक महिना फक्त नोंद ठेवायची: मोह कधी आला, कुठे आला, त्याआधी काय झालं होतं. पापाचं नाव लिहायची गरज नाही, एक खूण पुरे, म्हणजे कुणाच्या हाती लागली तरी भीती नको. महिन्याभरात नक्षी दिसायला लागते. एका मुलाच्या वहीत सगळ्या खुणा सेकंड शिफ्टच्या आठवड्यातल्या निघाल्या. रात्री साडेबाराला उपाशीपोटी खोलीवर यायचा आणि मोबाईल उघडायचा. एका ताईंच्या खुणा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार आणि उधारी यांवरून घरात बोलाचाली झाल्यावरच्या. मत्तय ४ पुन्हा वाचून पाहा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागलेली असताना, एकट्याने रानात असताना सैतान आला, आणि पहिलं बोलला ते भाकरीबद्दल. भूक, थकवा, एकटेपण. मोह दार बघून येतो.

माझ्या स्वतःच्या वहीतलं एक पान सांगतो, म्हणजे याकोबाची ती वाटचाल जवळून दिसेल.

मी एका कारखान्यात स्टोअर्सला होतो. महिन्यातून दोनदा भंगारवाल्याची गाडी यायची. आधी रिकामी गाडी काट्यावर, मग भरलेली, आणि दोन्हींमधला फरक म्हणजे भंगाराचं वजन. एकदा रिकामी गाडी काट्यावर असताना दोन हमाल केबिनमध्येच बसून राहिले. रिकाम्या गाडीचं वजन तेवढं जास्त भरलं, म्हणजे भंगार सव्वाशे किलो कमी दिसणार. मी पाहिलं, आणि भंगारवाल्याने पाहिलं की मी पाहिलं. त्या दिवशी त्याने फक्त चहा पाजला. दिवाळीला मिठाईचा पुडा आला. पुढच्या खेपेला वजनाची पावती सहीसाठी माझ्यापुढे आली ती घडी घातलेली, आणि घडीत पाचशेची नोट. मी सही केली. नोट खिशात ठेवताना बोटांना पावतीच्या कार्बनचा निळा डाग लागला, तो मी शर्टाला पुसला. बायकोने तो डाग धुताना विचारलं, कसला आहे? मी म्हटलं, शाई. त्या रात्री एकाऐवजी दोन पापं झाली होती, आणि दुसरं मला पाप वाटलंही नव्हतं. हे दोन वर्षं चाललं. दर रविवारी मी भजनात पेटी वाजवत होतो.

चहा पाजला त्या दिवशी थांबणं सोपं होतं, नोटेच्या दिवशी अवघड. म्हणून वहीत मोहाची पहिली खूण शोधायची, शेवटची नाही.

खूण सापडली की तिथून निघून जायचं. यात शौर्य दाखवायला जाऊ नका. पोटीफरच्या बायकोने योसेफाचं वस्त्र धरलं तेव्हा तो तिला उपदेश करत थांबला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला (उत्पत्ति ३९). पळताना काहीतरी मागे सोडावं लागतं, हेही त्या गोष्टीत आहे. दारूच्या दुकानावरून घरी जाणारा रस्ता असेल तर लांबचा रस्ता धरा, दहा मिनिटं जास्त लागू देत. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजराला साधं घड्याळ आणा. पैसे लावायच्या खेळांचं अ‍ॅप काढून टाका आणि बँकेच्या मेसेजवर घरातल्या माणसाची नजर राहील अशी सोय करा. ज्या मित्रांबरोबर बसलं की हटकून तेच होतं, त्यांना भेटा जरूर, पण सकाळी मिसळ खायला भेटा. रात्री ढाब्यावर नको. लोक म्हणतात, ही तर नुसती बाहेरची व्यवस्था झाली, मन कुठे बदललं? मन पवित्र आत्मा बदलतो, आणि त्याला वेळ लागतो. तोपर्यंत स्वतःला खड्ड्याच्या काठावर उभं करू नये, एवढं आपल्या हातात आहे.

पळता येत नाही अशाही जागा असतात: नोकरी, नातं, स्वतःचं डोकं. तिथे वचन लागतं. सैतानाने तीनदा विचारलं आणि प्रभूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलंच वचन दिलं (८:३, ६:१६, ६:१३). देवाचा पुत्र असूनही त्याने नवं काही रचलं नाही, पाठ असलेलं म्हटलं. मी नव्या माणसाला एकच वचन देतो, आणि ते त्याच्या मोहाला नेमकं लागू पडणारं. रागासाठी याकोब १:१९-२०, पैशासाठी इब्री १३:५, एकटेपणात पडणाऱ्यासाठी १ करिंथ १०:१३. या शेवटच्या वचनाचा अर्थ असा की माणसाला सोसवत नाही असा मोह देव येऊ देत नाही आणि मोहाबरोबर निघायची वाटही ठेवतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने लिहून काढा आणि शर्टाच्या खिशात ठेवा. मोहाच्या वेळी मनात म्हणू नका, तोंडाने म्हणा, ओठ हलले पाहिजेत. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. आणि कळेल अशा भाषेत पाठ करा. घरी अहिराणी बोलत असाल तर अर्थ आधी अहिराणीत स्वतःला सांगा, मग वचन घोका.

प्रार्थनेबद्दल थोडंच सांगतो, कारण तिच्यावर बोलण्यापेक्षा ती केलेली बरी. मोहाच्या क्षणी लांब प्रार्थना सुचत नाही. 'प्रभू, ओढ लागली आहे, मला धर' एवढं पुरतं. लांब प्रार्थना सकाळी, डोकं शांत असताना करा आणि त्या दिवसाचा मोह नाव घेऊन देवापुढे ठेवा.

एक गोष्ट मात्र करू नका: शपथा. 'आईची शपथ, उद्यापासून हात लावणार नाही.' आपल्याकडे हे फार चालतं. सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही असं पेत्र म्हणाला, आणि कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारून बसला. शपथ मोडली की मूळ पापावर शपथमोडीची लाज चढते आणि माणूस चर्चला यायचाच बंद होतो. उद्याचं वचन देऊ नका. आजच्या संध्याकाळपुरतं मागा.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाऊन आलात, किंवा उपवासकाळात राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस मांस सोडलंत, तर मन भरून येतं. ते खरं असतं, त्याची किंमत कमी करू नका. पण ते भरलेपण पुढच्या महिन्यातल्या नाइट शिफ्टपर्यंत टिकेल असं धरून चालू नका. तेव्हा माणूस लागतो.

हा माणूस कसा शोधायचा, हे सगळ्यात नाजूक काम. एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं याकोब ५:१६ सांगतं. कॅथलिक मंडळींसाठी प्रायश्चित्त संस्कार आहे, म्हणजे फादरजवळ पापांची कबुली. तिथे ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, धर्मसभेचा नियमच तसा आहे. आमच्यासारख्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकसाहेब असतात, मंडळीचे वडील (एल्डर) असतात. पण पदापेक्षा माणूस पाहा. तो दुसऱ्यांच्या गोष्टी तुम्हाला सांगत असेल, तर तुमच्या दुसऱ्यांना सांगेल. पुरुषाने पुरुषाला धरावं, बाईने बाईला. ऐकून घेतल्याबद्दल कुणी पैसे मागत असेल, गुपिताचा धाक घालत असेल, एकटीला घरी बोलावत असेल, तर तिथून सरळ उठा. ते प्रभूचं काम नाही. आणि पहिल्यांदा बोलायची जागा उपासनेत सगळ्यांपुढे साक्ष द्यायची वेळ नसावी. माईकवर सांगितलेलं परत घेता येत नाही.

इथे दोन गोष्टी मी ठासून सांगतो, कारण त्यात घरं मोडलेली पाहिली आहेत. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांकडे जायचं. त्यात विश्वास कमी पडत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आपल्या राज्यात अनेक ठिकाणी भरतात, तिथे जा आणि रविवारी चर्चलाही या. दुसरं, नवरा मारत असेल तर ते बाईने सोसायचं संकट नाही, त्याचं पाप आहे. क्षमा करायची म्हणजे मार खात राहायचं, असं कुणी वचन दाखवून शिकवलं तर ऐकू नका. सुरक्षित जागी जा आणि मदत मागा.

काही पापांना आपण पाप म्हणतच नाही. दारू, तंबाखू, सिनेमा यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. जातीच्या अहंकारावर किती जण बोलतात? बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आलेली माणसं मुलीचं स्थळ बघताना आधीची जात विचारतात. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांना नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर सोवळं-ओवळं सोडायला काही वर्षं झगडावं लागलं, आणि तो झगडा त्यांनी उघडपणे लिहून ठेवला. त्यांच्याइतका प्रामाणिकपणा आपल्याकडे यावा, असं मला मनापासून वाटतं. चुगली आणि मत्सरही त्याच यादीत येतात. वहीत त्यांनाही खूण करा.

आणि पडलात तर?

पडाल. त्या वेळी काय करायचं हे आजच ठरवून ठेवा. आपण आपली पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, क्षमा करून शुद्ध करेल, हे १ योहान १:९ तेव्हासाठीच आहे. प्रभूला धरून नेलं त्या रात्री पेत्र पडला आणि त्याला धरून देणारा यहूदाही पडला. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदा एकटाच निघून गेला आणि संपला. पेत्र रडला, पण बाकीच्या शिष्यांत परत आला, आणि योहानाच्या एकविसाव्या अध्यायात किनाऱ्यावर प्रभूने त्याला न्याहारीला बोलावलं. म्हणून पडल्यावर चोवीस तासांच्या आत तुमच्या त्या माणसाला फोन करा. चार रविवार दडी मारलीत की पाचवा फार जड जातो.

क्षमा मागितली की भरपाईचं पाहायचं. जकातदार जक्कयाने फसवून घेतलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली (लूक १९). मी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, वही आणा. दोघांनी मिळून हिशेब केला: महिन्याला दोन गाड्या, दोन वर्षं, चोवीस हजार रुपये हातात आलेले, आणि कंपनीचं नुकसान त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर गेटपर्यंत आले. आत मी एकटा गेलो. साहेबांनी पोलिसांत दिलं नाही. पैसे पगारातून कापले, आणि मला स्टोअर्समधून काढून पॅकिंगला घातलं. बढती गेली ती गेलीच. बायको आठ दिवस बोलली नाही, आणि नवव्या दिवशी डब्यात माझ्या आवडीची शेंगदाण्याची चटणी होती. हे सोपं होतं असं मी कुणालाही सांगणार नाही. पण पॅकिंगच्या त्या पहिल्या रात्री मला जशी झोप लागली, तशी त्याआधी दोन वर्षं लागली नव्हती. तुमच्या कबुलीने तिसऱ्या कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त होणार असेल, तर कुणाला काय आणि कधी सांगायचं हे घाईत ठरवू नका. आधी त्या एका माणसाबरोबर बसा.

राहिलं मोकळ्या जागेचं. अशुद्ध आत्मा निघून गेलेलं घर झाडून स्वच्छ ठेवलं, पण रिकामंच ठेवलं, तर तो आणखी सात जणांना घेऊन परत येतो, असं प्रभूने सांगितलं आहे (लूक ११:२४-२६). सोडलेल्या वेळेत काय भरणार? शनिवारची रात्र ज्याला अवघड जाते, त्याला मी शनिवारी संध्याकाळीच चर्चला बोलावतो. सतरंज्या झटकायच्या, खुर्च्या लावायच्या, उद्याच्या भजनाचा सराव करायचा. ढोलकी येत नसेल तर झांज घ्या, ती कुणालाही जमते.

सेकंड शिफ्टचा तो मुलगा अजून फोन करतो. परवाही रात्री पावणेएकला आला. आवाजावरूनच कळलं. मी उठून बसलो आणि नेहमीप्रमाणे पहिल्यांदा तेच विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, नाही. "मग आधी पोहे टाक. फोन चालू ठेव, मी आहे." पलीकडून कांदा चिरल्याचा आवाज यायला लागला, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याचं वचन म्हटलं.